चार पानं, चारशे प्रती आणि एक ‘कै.’

गेल्या शुक्रवारी ऑफिसात जेवताना एका मित्राने विचारलं, "काय रे, वीकेंडला काय प्लॅन?" मी म्हटलं, "प्रूफं तपासायचीत." "कसली?" "गावच्या वार्तापत्राची. छापील." त्याने डब्यातून मान वर करून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पोस्टात तार करायला जाणार आहे. (तार २०१३ च्या जुलैत बंद झाली, हे माहीत आहे मला!)

"अरे, पीडीएफ कर आणि ग्रुपवर टाक ना. कागद कशाला वाया घालवतोस?"

तर मंडळी, हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की शेवटी म्हटलं, एकदाचं लिहूनच टाकावं. खरं सांगायचं तर सुरुवातीला हाच प्रश्न, याच शब्दांत, मीच विचारला होता. आयटीवाला माणूस आणखी काय विचारणार? :)

आधी थोडी पार्श्वभूमी. माझं गाव जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातलं. गाव लहान, पण गावाबाहेर गेलेली मंडळी पुष्कळ: पुण्यात, छत्रपती संभाजीनगरात, काही जालन्यातल्या स्टीलच्या कारखान्यांत. २०१२-१३ च्या दुष्काळात मी शाळेत होतो. टँकरची वाट बघत घागरींची रांग लावायची आणि मोसंबीच्या बागा उभ्याच्या उभ्या वाळताना बघायच्या, असं ते वर्ष. आमच्या घरची बाग त्याच वर्षी गेली. जालन्याच्या मोसंबीला पुढे २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा वडील एवढंच म्हणाले, "आता झाडं कुठंयत?" असो.

२०२३ च्या उन्हाळ्यात गावातल्या आणि गावाबाहेरच्या काही जणांनी मिळून गावच्या पाझर तलावातला गाळ काढायचं ठरवलं. पोकलेन भाड्याने, डिझेल वर्गणीतून, आणि गाळ ज्याच्या शेतात जाईल त्याने ट्रॅक्टरचा खर्च करायचा. सरकारची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना ज्या तत्त्वावर चालते, साधारण तसंच. काम झालं. मग पावसाने दगा दिला आणि ऑक्टोबरच्या शेवटी सरकारने चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आमचा अंबडही होता. तलावात पाणी नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र प्रश्नांचा पूर. पैसे किती जमले? डिझेल किती लागलं? अमक्याच्या शेतात तीस ट्रॉल्या आणि तमक्याच्या शेतात पाच, असं कसं?

हिशोब ग्रुपवर टाकलेला होता, हे विशेष. एकदा नव्हे, चारदा! पण तो ‘शुभ सकाळ’ आणि ‘ओम शांती’ यांच्यामध्ये कुठेतरी गाडला गेला होता. कोणाकडे पहिला फोटो, कोणाकडे नंतर दुरुस्त केलेला, आणि दोन्हींत आकडे वेगळे. आमच्या भाषेत सांगायचं तर कोणती व्हर्जन फायनल, हे कोणालाच माहीत नव्हतं. त्यात २०२३ च्या सप्टेंबरनंतर अंतरवाली सराटीमुळे आमचा तालुका देशभरच्या बातम्यांत आलेला. त्या दिवसांत तालुक्यातल्या कुठल्याही ग्रुपवर दुसऱ्या कुठल्या विषयावर चार वाक्यं सलग बोलणं अवघड होतं. २६ फेब्रुवारी २०२४ ला अंबडमध्ये संचारबंदी लागली आणि जालन्यासह तीन जिल्ह्यांत इंटरनेटच काही तास बंद झालं. (त्या दिवशी छापील अंकही कोणी वाटू शकलं नसतं, हे कबूल. उगाच खोटा मुद्दा कशाला मांडा.)

मुख्य गोष्ट वेगळीच होती. ग्रुपवर दोनशेच्या वर माणसं होती, पण तलावाखाली ज्यांच्या विहिरी आहेत त्यातली निम्मी माणसं तिथे नव्हतीच. फोन मुलाच्या खिशात, मुलगा वाळूजच्या कंपनीत. बायका तर जवळजवळ नव्हत्याच. म्हणजे वर्गणी सगळ्यांची आणि हिशोब मोजक्यांना.

शेवटी गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी तोडगा सुचवला: छापा. पाडव्याला घरोघर द्या. तेव्हा मी तो पीडीएफवाला प्रश्न विचारला. गुरुजी म्हणाले, "तुमचं पीडीएफ मह्या बायकोला वाचता येत नाही. कागद तिला येतो."

पहिली मीटिंग शाळेच्या व्हरांड्यात झाली. कामाच्या सवयीने मी लॅपटॉप उघडून सगळ्यांच्या मागण्या लिहून घ्यायला बसलो. ही यादी जपून ठेवण्यासारखी आहे: सरपंचांचा संदेश फोटोसह, उपसरपंचांचाही (मग ग्रामसेवकांनी काय घोडं मारलंय?), दहावी-बारावीचे गुणवंत, वाढदिवस, चारोळ्या, श्रद्धांजल्या, कीर्तनाचं वेळापत्रक, एकाच्या प्लॉटिंगची जाहिरात, आणि सगळ्यात शेवटी, जागा उरली तर, तलावाचा हिशोब.

इथे माझं पहिलं मत, आणि ते ठाम आहे. आपल्याकडे कुठल्याही मंडळाने काही छापायचं म्हटलं की त्याची आपोआप स्मरणिका होते. गुळगुळीत कागद, पहिली दहा पानं मान्यवरांचे फोटो, शेवटची दहा पानं ‘हार्दिक शुभेच्छा’, आणि मधे चुकून एखादा लेख. अशी स्मरणिका ज्याचा फोटो आहे तो स्वतःचं पान उघडून बघतो आणि कपाटात ठेवतो. जाहिरातींनी खर्च निघतो हे खरं आहे. पण मग ती वस्तू जाहिरातदारांसाठी निघालेली असते, वाचणाऱ्यासाठी नव्हे. वार्तापत्र म्हणजे वार्ता असलेलं पत्र. आपल्या गटाने काय केलं, काय करायचं राहिलं, पैसे कुठे गेले आणि पुढे कोणी कधी काय करायचंय, इतकंच. बाकी सगळ्यासाठी फ्लेक्स आहेतच चौकात.

बरीच घासाघीस होऊन ठरलं असं: चार पानं, तीन महिन्यांतून एकदा, एकरंगी, चारशे प्रती. मासिक काढायचा उत्साह पहिल्या दिवशी सगळ्यांनाच असतो. मी फक्त एवढं विचारलं, "ऐन पेरणीत जूनचा अंक कोण लिहिणार?" सगळे गप्प. त्रैमासिक फायनल.

चारच पानं का, तर ए-थ्री कागदाला मधे एक घडी घातली की ए-फोरची चार पानं होतात. पिन नको, कटिंग नको. एका बाजूला पान चार आणि एक शेजारी शेजारी, मागच्या बाजूला दोन आणि तीन. पाचवं पान हवं असेल तर थेट आठ करावी लागतात, मधलं काही नाही. ऑफसेटवर छापताना एकरंगी कामाला दोन बाजूंच्या दोन प्लेटा लागतात, रंगीत करायचं तर प्रत्येक बाजूला चार म्हणजे आठ. आणि प्लेटचा खर्च शंभर प्रतींना जेवढा, तेवढाच हजारला. पन्नास-शंभर प्रती हव्या असतील तर डिजिटल प्रिंट किंवा सरळ झेरॉक्स परवडते. आम्ही चारशेवर होतो म्हणून ऑफसेट. कागद साधा सत्तर जीएसएमचा मॅपलिथो. आर्ट पेपर चमकतो, पण घराच्या ओसरीत उन्हात धरला की डोळ्यांवर येतो आणि त्यावर पेनाने आकडेमोडही नीट करता येत नाही. हसू नका, लोक करतात आकडेमोड, पुढे सांगतो.

टाईप मी बारा पॉईंटचा लावला होता. गुरुजींनी पान हातभर लांब धरलं आणि परत दिलं. मग चौदा. बाराने एका पानात साडेचारशे-पाचशे शब्द बसत होते, चौदाने साडेतीनशेवर आलो. म्हणजे आख्खा अंक, मथळे वगैरे धरून, बाराशे-तेराशे शब्दांचा. ज्यांनी ‘प्रास्ताविक’ म्हणून नऊशे शब्द पाठवले होते त्यांना मी हे गणित समजावून सांगितलं. ते अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

आता फॉन्टची गोष्ट, जी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. मी सगळा मजकूर युनिकोडमध्ये टाईप केला होता. प्रेसमध्ये मात्र जुनं पेजमेकर आणि जुने मराठी फॉन्ट. हे फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असतात. तिथे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवतात, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते, कारण उच्चार नंतर होतो. रफाराचं बरोबर उलटं. कन्व्हर्टरमधून मजकूर काढला की ऐंशी-नव्वद टक्के ठीक येतो आणि उरलेल्यात ‘शेतकऱ्यांच्या’चं ‘शेतकर्यांच्या’ होतं, ‘अ‍ॅ’च्या जागी चौकोन येतो, आणि एखादी वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. प्रेसवाले काका निवांत. "होतंय तेवढं. लोकं समजून घेतात."

नाही हो काका, लोक समजून घेत नाहीत. म्हणजे चूक समजून घेतात, पण मग आकड्यांवरही तितकाच विश्वास ठेवतात. शेवटी मी पानंच्या पानं घरी स्क्रायबसमध्ये लावली. ते फुकट आहे आणि अलीकडच्या आवृत्त्यांना देवनागरी जोडाक्षरं नीट येतात. फॉन्ट मुक्त, तोही फुकट आणि वाचायला स्वच्छ. पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड करून दिला आणि काकांना सांगितलं, उघडू नका, फक्त प्लेट काढा. म्हणजे शेवटी पीडीएफच केली म्हणा ना. मित्राचं अगदीच चुकलं नव्हतं!

आणि एवढं सगळं अचूक करून झाल्यावर मी जे केलं ते ऐका.

चौथ्या पानावर वर्गणीदारांची यादी होती. एक्सेलमध्ये पहिल्या रकान्यात श्री., सौ., कै. वगैरे, दुसऱ्यात नाव, तिसऱ्यात रक्कम. ‘कै.’ कशासाठी, तर काहींनी वडिलांच्या स्मरणार्थ पैसे दिले होते. मला यादी अकारविल्हे हवी होती. मी नाव आणि रक्कम हे दोन रकाने निवडले आणि सॉर्ट केलं. पहिला रकाना निवडायचा राहिला.

आयटीत सात वर्षं काढलेल्या माणसाने केलेली चूक आहे ही. गंमत म्हणजे प्रूफ वाचताना खुणा दिसत होत्या. दोन पुरुषांच्या नावाआधी ‘सौ.’ आलं होतं. मी हसलो, टायपिंगची चूक समजून ते दोन जागी हाताने दुरुस्त केलं आणि पुढे गेलो. असं का झालं असेल, हा प्रश्न पडला नाही. ऑफिसात ज्युनिअर पोरांना मी यावरून लेक्चर देतो.

९ एप्रिल २०२४, पाडवा. सकाळी पोरांनी घरोघर अंक वाटले. अकराच्या सुमाराला गुरुजींचा फोन आला. "वरच्या आळीतल्या आबांना तू कैलासवासी केलंयस. आणि कदाचित आणखी कोणाला तरी."

मी त्या दिवशी गावातच होतो. घरात पुरणपोळी होत होती. आबांच्या घरी चालत जाताना माझ्या पोटात जो गोळा आला होता, तसा कुठल्याच प्रॉडक्शन रिलीजला आलेला नाही. सणाच्या दिवशी, जिवंत माणसाच्या दारात, त्याच्या नावापुढे ‘कै.’ छापलेला कागद आपण पाठवलेला. आबा ओसरीत बसले होते, अंक मांडीवर. मी पायाच पडलो. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "कामून रे, पाचशे कमी पडले व्हय? सांगायचं ना, आणखी दिले असते."

त्यांच्या सूनबाई मात्र हसल्या नाहीत. "सणासुदीला असलं बरं नसतं भाऊ," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. ते मला जास्त लागलं, आणि त्यांचं बरोबरच होतं.

दुसरं घर आणखी अवघड. तिथे ज्यांच्या स्मरणार्थ पैसे दिले होते त्यांच्या नावाआधी ‘श्री.’ लागलं होतं. त्यांच्या पत्नीने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "राहू दे. दोन साल झाले, कोणी श्री म्हणलं नव्हतं त्यांना." मी काय बोलणार?

पुढच्या अंकात पहिल्या पानावर, वरच्या बाजूला, अंकाच्याच चौदा पॉईंट टाईपात दुरुस्ती छापली. नावं बरोबर लिहून, चूक संपादकाची असं म्हणून. एक-दोघांचं म्हणणं होतं की आत कुठेतरी बारीक टाकू, उगाच गाजावाजा कशाला. मी ऐकलं नाही. ग्रुपवर हीच चूक झाली असती तर मी ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ दाबलं असतं, आणि दुपारपर्यंत असं काही झालंच नव्हतं असं झालं असतं. कागदावर ती सोय नाही. मला वाटतं, छापण्याच्या बाजूने माझ्याकडे असलेला सगळ्यात मोठा मुद्दा हाच आहे. छापलेलं परत घेता येत नाही, त्यामुळे छापण्याआधी माणूस दोनदा बघतो. निदान बघायला शिकतो.

आणि वाचणाराही बघतो! त्याच पाडव्याच्या अंकात तिसऱ्या पानावर डिझेलचा आठवड्यावार तक्ता होता. आठ दिवसांनी बचत गटातल्या एका वहिनी अंक घेऊन गुरुजींकडे आल्या. समासात पेनाने बेरीज केलेली. तक्त्यातल्या आठवड्यांची बेरीज आणि खालचा एकूण आकडा यांत फरक होता, आणि फरक बारीक नव्हता. ग्रुपवर हाच तक्ता सात महिने पडून होता, कोणी बेरीज केली नव्हती. शोधलं तेव्हा कळलं की एका आठवड्याचं पंपाचं बिल दोनदा धरलं गेलं होतं. पैसे कोणी खाल्ले नव्हते, पण सात महिने ज्याच्याकडे संशयाने पाहिलं जात होतं तो माणूस त्या दिवशी सुटला. तो माझा चुलतभाऊ आहे. त्याने त्या काळात तलावाकडे जाणंच सोडलं होतं. आता कळलं ना, मी कागदाचा एवढा कैवार का घेतो ते?

कागद हे काही आमचं संशोधन नाही. नगर जिल्ह्यातल्या खेड्यात, आधी सोमठाण्यात आणि मग तरवडीत बसून मुकुंदराव पाटलांनी १९१० पासून ‘दीनमित्र’ साप्ताहिक काढलं आणि ते १९६७ पर्यंत चालवलं. शहरातून खेड्यात पेपर यायचा तो काळ, आणि हे खेड्यातून काढत होते. मराठवाड्यात तर निजामाच्या राज्यात पेपर काढायला परवानगी लागायची. आ. कृ. वाघमाऱ्यांच्या ‘मराठवाडा’वर बंदी आली की तो दुसरं नाव घेऊन यायचा, त्यावर बंदी आली की तिसरं. या लोकांसमोर आमची चार पानं म्हणजे काहीच नाही, हे कळतं मला. पण फॉन्ट बिघडला म्हणून वैतागून सगळं सोडून द्यावंसं वाटलं, तेव्हा तरवडी आठवली होती, हेही खरं.

कायद्याचं थोडक्यात. ‘फक्त खासगी वितरणासाठी’ असं खाली छापलं की सगळं माफ, अशी अनेक मंडळांची समजूत आहे. १ मार्च २०२४ पासून १८६७ चा जुना कायदा जाऊन नवा नियतकालिक नोंदणी कायदा लागू झालाय. ठरावीक काळाने छापून निघणारं आणि सार्वजनिक बातम्या किंवा त्यांवरचं भाष्य देणारं प्रकाशन त्यात येतं, आणि नोंदणीचा अर्ज आता ऑनलाईन आहे. आपण नेमके कुठे बसतो हे जाणकाराला विचारून घ्यावं. आम्ही राजकारण आणि बातम्या छापत नाही, पण अंकावर संपादक, प्रकाशक आणि मुद्रक यांची नावं मात्र पहिल्यापासून देतो. नाव नसलेल्या कागदाला गावात पत्रक म्हणतात, आणि पत्रकं निवडणुकीच्या आदल्या रात्री येतात.

मित्राचा कागद वाया जाण्याचा मुद्दा उरलाच. चार पानांच्या एका अंकाचं वजन नऊ ग्रॅमसुद्धा भरत नाही. चारशे अंक म्हणजे साडेतीन किलो. माझ्या सोसायटीत एका दिवाळीत याहून जास्त पिझ्झाचे खोके निघतात. आणि आमचे अंक कोणी रद्दीत घालत नाही असंही नाही, घालतात की! एका घरी मी तो डब्याखाली अंथरलेला पाहिलाय. हिशोबाचं पान वर होतं.

आतापर्यंत सात अंक निघाले. एक लग्नसराईत अडकला, कारण प्रेसला पत्रिकांपुढे आम्ही कोण? या अंकाची नावांची यादी नेहमीप्रमाणे आबांकडे गेली आहे. त्या पाडव्यानंतर त्यांनी स्वतःच सांगितलं, की यापुढे प्रत्येक नाव मी वाचणार, कोण जिवंत आहे ते तुझ्या यंत्रापेक्षा मला जास्त कळतं. ते बोट ठेवून एकेक नाव मोठ्याने वाचतात आणि मधेच थांबून त्या माणसाची सगळी हकीकत सांगतात, त्यामुळे साठ नावांना अख्खी दुपार लागते.

गेल्या खेपेला त्यांनी हा तलाव १९७२ च्या दुष्काळात कसा खोदला ते सांगितलं. तेव्हा ते विशीतले, मजुरीवर होते. मी फोनवर रेकॉर्ड केलं आणि काल बसून टाईप केलं. सतराशे शब्द झाले. अंकात जागा आहे साडेतीनशेची. मघाशी फोन करून विचारलं, "आबा, थोडं कमी करू का?" तर म्हणाले, "कर की. पण माती वाहणाऱ्या बायांची नावं राहू दे. तेवीसच आहेत."

तेवीस नावं, चौदा पॉईंट. बसतंय का बघतो आता. मुद्रक काकांना सोमवारी सकाळी दहाला फाईल हवीय.